पाकिटावरची मुलगी

मी काम करत असले की माझी सहा वर्षांची भाची टेबलाखाली बसते. तिथे कागदांचा खच पडलेला असतो आणि त्यातले पाठकोरे कागद तिचे, असा आमचा करार आहे. परवा तिला त्या ढिगात एक फाटकं पाकीट सापडलं. त्याच्या मागच्या बाजूला मी काही आठवड्यांपूर्वी एक चित्र खरडलं होतं, आगपेटीएवढं. आजोबा उकिडवे बसून नातीच्या बुटाची नाडी बांधताहेत, नातीचा एक पाय त्यांच्या गुडघ्यावर, दुसऱ्या पायावर ती उभी, आणि तोल सावरायला तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवलाय. तेच चित्र मोठं होऊन, रंगून, फळीवर ताणलेल्या कागदासकट भिंतीला टेकलेलं होतं. भाचीने पाकीट त्याच्या शेजारी धरलं. इकडे बघ, तिकडे बघ, असं बराच वेळ चाललं. मग म्हणाली, ‘‘मावशी, ही पडणारे.’’ मी विचारलं, ‘‘कोण?’’ ‘‘ही, पाकिटातली.’’ ‘‘आणि मोठ्या चित्रातली?’’ तिने पुन्हा एकदा नीट पाहिलं. ‘‘ती नाही पडणार. ती नुसती उभीये.’’ एवढं बोलून ती पाकीट घेऊन परत टेबलाखाली गेली.

माझा हात मात्र तिथेच थांबला.

मुलांच्या गोष्टीसाठी केलेलं ते मोठं चित्र पसंत झालेलं होतं. संपादकांना आवडलं होतं, स्कॅन करून पाठवायचं तेवढं बाकी होतं. आजोबांच्या स्वेटरची वीण, नाडीचा अर्धवट ओढलेला फास, नातीच्या मोज्याचा घसरलेला काठ, सगळं मनासारखं उतरलं होतं. बोटं काढायला मला नेहमी वेळ लागतो, आणि या चित्रात एकूण वीस बोटं होती. ती सगळी आपापल्या जागी नीट होती. अकरा दिवस मी त्या चित्रापाशी होते. पाकिटावरचं खरडणं जेमतेम अर्ध्या मिनिटाचं असेल. त्यात मुलीला चेहरासुद्धा नव्हता, एक गोल आणि त्यावर दोन फराटे केसांचे. आणि तरी पडणार होती ती तीच. मी पाकीट मागून घेतलं, तर खरंच, तिच्या सगळ्या अंगात एक कल होता, आता गेली की मग गेली असा. मोठ्या चित्रात तो नव्हता. अकरा दिवसांत कुठल्यातरी एका दिवशी मी तिला सरळ उभं केलं होतं आणि मला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

गोष्टीची चित्रं करायची असली की पहिल्या वाचनात मी पेन्सिल हातात घेत नाही. नुसती वाचते. दुसऱ्या वाचनात समासात खुणा करते, आणि त्या खुणा बहुतेक वेळा मोठ्या प्रसंगांपाशी नसतात. गोष्टीत आगगाडी चुकते, पाऊस कोसळतो, हरवलेलं कुत्रं सापडतं, ते सगळं शब्दांनी सांगितलेलंच असतं. चित्राला जागा लागते ती शब्द जिथून घाईने पुढे निघून जातात तिथे. या गोष्टीत एवढंच एक वाक्य होतं की आजोबांनी तिच्या बुटाची नाडी बांधली आणि दोघं निघाली. डोक्यावर हात वगैरे काही लिहिलेलं नव्हतं. तो हात माझ्याकडून आला. कुठून आला ते सांगता यायचं नाही. कदाचित मी लहान असताना कुणाच्या तरी डोक्यावर असा हात ठेवला असेन. तळव्याला केसांचा ऊबदार, जरासा तेलकट स्पर्श अजून आठवल्यासारखा वाटतो, पण डोकं कुणाचं ते आठवत नाही.

मग सुरू होतात आगपेट्या. एका पानावर आठ-दहा चौकटी आखायच्या आणि तोच प्रसंग पुन्हा पुन्हा बसवून बघायचा. कधी वरून, कधी दाराआडून, कधी नुसते बूट. आम्ही याला थंबनेल म्हणतो. चौकट मुद्दाम लहान ठेवायची, कारण तेवढ्या जागेत डोळे-नाक काढता येत नाही. काढता येतं ते फक्त वजन. गडद कुठे, उजेड कुठे, नजर कुठून शिरून कुठून बाहेर पडेल, कोण कुणावर रेललंय. पहिल्या दोन-तीन चौकटींत जे येतं ते कुणालाही सुचलं असतं, म्हणून ते आधी काढून मोकळं व्हायचं. पाचव्या-सहाव्याला कंटाळा येतो. त्या कंटाळ्याच्या पलीकडे काहीतरी असतं, बहुतेक वेळा. या चित्राच्या बाबतीत तर पलीकडचं ते वहीत सापडलंच नाही. टेबलावरून उठून दुसऱ्याच कामात असताना ते अचानक दिसलं, आणि हाताशी होतं ते पाकीट.

तिथून पुढचा रस्ता लांबचा आणि कष्टाचा, आणि मला तो खरोखर आवडतो. चौकट मोठी करायची, कच्चं रेखाटन छापील पानाच्या मापात बसवायचं. जोडपानाचं चित्र असेल तर मधल्या शिवणीत कुणाचा चेहरा जात नाही ना ते पाहायचं. कागद कापताना कडा खाल्ली जाते, म्हणून चारी बाजूंनी तीन मिलिमीटर चित्र जास्तीचं काढायचं. मजकुराला जागा सोडायची, आणि ती जागा रिकामी न वाटता चित्राचाच श्वास वाटली पाहिजे. मग संदर्भ गोळा करायचे. उकिडवं बसल्यावर पँटला गुडघ्यामागे चुण्या कशा पडतात हे मला माहीत आहे असं मला वाटत असतं, पण काढायला गेलं की कळतं, माहीत नाही. अशा वेळी मी मोबाइलला टायमर लावून स्वतःचेच फोटो काढते. आजोबा मीच आणि नातही मीच. मग ट्रेसिंग पेपरवर दुरुस्त्या, एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. शेवटी लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून दिवा असलेल्या काचेच्या पेटीवर, तीनशे ग्रॅमच्या जाड कागदावर फिकट पेन्सिलने चित्र उतरवायचं आणि तो कागद भिजवून फळीवर चिकटपट्टीने ताणायचा. रात्रभर वाळला की तो ढोलकीसारखा वाजतो. मग त्यावर टाकाने शाई, शाई पुरती सुकल्यावर पाण्याचे हात. जलरंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की उतरतो, म्हणून हिशेब नेहमी वाळल्यानंतरचा करायचा. हा हिशेब शिकायला मला काही वर्षं लागली.

या रस्त्यावर ती मुलगी कुठे पडायची थांबली?

आम्हाला रेखाटन शिकवणारे एक सर होते. त्यांच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि तिच्या शेजारी बरोबरची काढायची. सुरुवातीला आमची चित्रं जाळं विणल्यासारखी दिसायची आणि आम्ही फार वैतागायचो. एकदा सरांनी माझ्याकडून एक बसलेला माणूस काढून घेतला, मग त्याच चित्रावर कोरा कागद ठेवून तेच पुन्हा काढायला लावलं, मग त्यावर तिसरं. चौथ्या कागदावर माणूस नव्हता, माणसाच्या आकाराची बाहुली होती. सर काही बोलले नाहीत. चारही कागद शेजारी शेजारी टाचणीने लावले आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे गेले. तेव्हा मला वाटलं, माझा हात कच्चा आहे. बऱ्याच वर्षांनी कळलं की पहिल्या कागदावर मी माणसाकडे बघत होते, दुसऱ्यावर पहिल्या रेघेकडे आणि तिसऱ्यावर दुसऱ्या रेघेकडे. माणूस समोर बसलेला होता आणि माझी नजर दुपारभर त्याच्याकडे गेलीच नव्हती.

गिरवलेली रेघ ओळखू येते. भिंग लावा अगर लावू नका. मनातून सरळ आलेल्या रेघेला वेग असतो, तिची सुरुवात जाड आणि शेपूट बारीक, कारण हात उचलेपर्यंत मन पुढे गेलेलं असतं. गिरवताना हात चुकू नये म्हणून जपून चालतो. त्यामुळे रेघ अथपासून इतिपर्यंत एकाच जाडीची होते, आणि पाठीचा बाक, मानेचा कल, या ज्या किंचित जास्तीच्या गोष्टी असतात त्या दर कागदागणिक थोड्या थोड्या मधल्या बाजूला सरकतात. कुणी मुद्दाम करत नाही. पडणारं सावरावं असं हातालाच वाटतं. संगणकावर काढतानाही तेच होतं. तिथे खालच्या थराची दाटी वीस टक्क्यांवर आणायची आणि वरच्या थरावर पक्की रेघ काढायची, एवढाच फरक. वर तिथे हाताचा कंप आपोआप पुसणारी सोय असते. मी ती अलीकडे बंदच ठेवते.

मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणारे इंग्रज चित्रकार क्वेंटिन ब्लेक यांची पद्धत मला म्हणूनच फार मोलाची वाटते. ते कच्चं रेखाटन लाइटबॉक्सवर ठेवतात, त्यावर जलरंगाचा कागद, आणि मग टाक घेऊन काढतात. पण खालचं चित्र फार स्पष्ट दिसू नये अशी ते काळजी घेतात, कारण त्यांना ते गिरवायचं नसतं. कुठे काय आहे एवढी चाहूल पुरे. बाकी जणू पहिल्यांदाच काढतोय असं काढायचं. सुरुवातही सगळ्यांत अवघड जागेपासून, चेहऱ्यावरचा भाव किंवा तशीच एखादी अडचणीची गोष्ट. ती बिघडली तर कागद बाजूला आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्यांची रेघ इतकी सहज, झटकन मारल्यासारखी दिसते, त्यांनी त्या सहजपणासाठी अशी शिस्त बांधून ठेवलेली आहे. मीही लाइटबॉक्स वापरते. पण या चित्राच्या वेळी मी दिवा पूर्ण उजळून बसले होते, हे मला आता आठवतं.

तरीही, ‘कच्चंच चांगलं होतं’ असं कुणी पटकन म्हणालं की मला ते पटत नाही. कच्च्या चित्रावर प्रेम करणं सोपं असतं. ते बरंच काही सांगतच नाही आणि उरलेलं आपण आपल्या मनाने भरतो. बुटाला किती भोकं, आजोबांची नखं कापलेली की वाढलेली, दार कुठल्या बाजूला उघडतं, यातलं काही त्याला विचारता येत नाही. मूल मात्र हे सगळं विचारतं. ते एका पानावर बसून राहतं, कोपऱ्यातल्या मांजराचं नाव ठरवतं, मागच्या पानावर छत्री होती ती इथे कुठे गेली म्हणून मागे जाऊन बघतं. आगपेटीएवढ्या फराट्यात त्याला राहायला जागा नसते. पक्कं चित्र करणं म्हणजे त्या सगळ्या प्रश्नांना उत्तर द्यायला तयार होणं, आणि मला ती जबाबदारी टाळायची नाही.

ससा पीटरची गोष्ट आधी एक पत्र होतं. 4 सप्टेंबर 1893 रोजी इंग्रज लेखिका-चित्रकार बिआट्रिक्स पॉटर यांनी नोएल नावाच्या पाच वर्षांच्या आजारी मुलाला ते लिहिलं, मजकुराच्या मधेमधे पेनाने काढलेले ससे. काही वर्षांनी त्याचं पुस्तक करावं असं त्यांच्या मनात आलं, तेव्हा ते पत्र त्या मुलाने जपून ठेवलेलं होतं. त्यांनी ते त्याच्याकडून उसनं मागून घेतलं. 1901 मध्ये स्वतःच्या खर्चाने 250 प्रती छापल्या, काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या, आणि 1902 मध्ये प्रकाशकाकडून रंगीत पुस्तक निघालं. त्या मागून घेतलेल्या पत्राचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. पॉटर यांचा सशांचा अभ्यास मोठा होता, शरीररचना त्यांना चोख ठाऊक होती, ससे त्यांनी स्वतः पाळलेले होते. पत्रातल्या चित्रांवाचूनही त्यांचं काही अडलं नसतं. पण त्या चित्रांमध्ये अंथरुणावर पडलेला एक ठरावीक मुलगा होता, आणि पुस्तक करताना तो हाताशी असावा असं त्यांना वाटलं असेल का? हा माझा तर्क. मला तो खरा वाटतो.

कच्चं एकाचं आणि पक्कं दुसऱ्याचं, अशीही चित्रं आहेत, आणि ती पाहताना माझी मती गुंग होते. लंडनच्या संग्रहालयात अकबरनाम्याची जी पानं आहेत त्यांच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत नोंदी आहेत, आखणी कुणाची आणि रंगकाम कुणाचं अशा. एका चित्रात तरुण अकबर ‘हवाई’ नावाच्या बेभान हत्तीवर बसलाय, समोर दुसरा हत्ती पळतोय आणि दोघं यमुनेवरच्या होड्यांच्या पुलावर चढलेत. होड्या कलंडताहेत, पाणी उसळतंय, माणसं हात पसरून इकडेतिकडे फेकली जाताहेत. आखणी बसावनची, रंग चेतरचे. म्हणजे त्या कलंडणाऱ्या होड्या एकाला दिसल्या आणि दुसऱ्याने त्या बारीक कुंचल्याने, थरावर थर देत, दिवसच्या दिवस बसून पक्क्या केल्या. आणि एकही होडी सरळ झालेली नाही! चेतरने काय केलं असेल? बसावनच्या रेघेवरून नुसता कुंचला फिरवून हे होणार नाही. पूल आपल्याही पायाखालून जातोय असं त्याला रोज नव्याने वाटावं लागलं असेल.

असंच पिकासोच्या ‘गेर्निका’ या युद्धावरच्या भव्य चित्राचं. त्याने पहिलं रेखाटन केलं 1 मे 1937 रोजी, मग कितीतरी अभ्यासचित्रं, आणि मोठ्या कॅनव्हासवर काम चालू असताना छायाचित्रकार डोरा मार त्या चित्राचे टप्प्याटप्प्याने फोटो काढत गेली. सुरुवातीच्या फोटोत खाली पडलेल्या सैनिकाची वळलेली मूठ सरळ वर उगारलेली आहे. चित्राचा जणू कणाच तो. नंतरच्या टप्प्यांत ती मूठ नाही. साडेतीन मीटर उंच चित्रावर इतकं पुढे गेल्यावर कणा काढून टाकायचा आणि चित्र पुन्हा शोधायला लागायचं, याला काय म्हणावं? मी ते फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला मोठ्या चित्रापेक्षा त्या गेलेल्या मुठीपाशीच जास्त वेळ थांबावंसं वाटलं.

तर, रात्री मी सगळे कागद काढून ओळीने जमिनीवर मांडले. पाकीट, मापातलं कच्चं चित्र, पाच ट्रेसिंग पेपर, पक्कं चित्र. सर टाचणीने लावायचे तसे. मापातल्या कच्च्या चित्रात ती मुलगी अजून पडत होती. पहिल्या ट्रेसिंग पेपरवरही थोडीफार. दुसऱ्यावर ती सरळ होती. दुसरा कागद फोटो पाहून केलेला, म्हणून मी मोबाइलमधले फोटो उघडले. मी एका पायावर उभी, दुसरा पाय ठेंगण्या स्टुलावर, कारण आजोबांच्या गुडघ्यासाठी तेवढी उंची हवी होती. आणि हात खुर्चीच्या पाठीवर. आजोबांचं डोकं म्हणून मी खुर्चीची पाठ धरली होती. ती सागाची जड खुर्ची तसूभरही हलत नाही. फोटोतल्या माझ्या खांद्यात, कमरेत, घोट्यात कुठेही भीती नव्हती, आणि ते सगळं मी फार मन लावून, बारकाईने नातीच्या अंगात उतरवलं होतं. पाकिटातल्या मुलीचा हात मात्र एका माणसाच्या डोक्यावर होता. तो माणूस खाली बघून नाडीच्या नादात होता आणि फास ओढताना त्याचं डोकं प्रत्येक हिसक्याला पुढे-मागे होत होतं.

सकाळी संपादकांना फोन करून चार दिवस मागून घेतले. त्यांना त्या चित्रात काही खोट दिसत नव्हती, तरी त्यांनी दिले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. भाची आल्यावर तिला म्हटलं, बूट घाल. मी उकिडवी बसले, तिचा पाय गुडघ्यावर घेतला आणि तिला डोक्यावर हात ठेवायला सांगितलं. तिने आधी बोटांची टोकं टेकवली, अगदी हलकी. मग मी नाडी ओढली, माझी मान हलली, आणि तिचा अख्खा हात माझ्या डोक्यावर दाबून बसला. बोटं केसांत शिरली आणि आवळली गेली. ती खेचत होती, चांगलंच दुखलं. ‘‘हलू नको ना मावशी, मी पडेन.’’ मला वर बघता येत नव्हतं. दिसत होता तो फक्त तिचा बूट, आणि जमिनीवरच्या पायाची टाच, जी दर हिसक्याला उचलली जाऊन पुन्हा टेकत होती. वही बाजूला जमिनीवरच होती. बूट बघून काढला, टाच बघून काढली, आणि डोक्यावरचा हात न बघता, तो जसा लागत होता तसा काढला. पाच बोटं निघालीच नाहीत. अंगठा आला, एक मूठ आली आणि तिच्यातून बाहेर आलेले केस.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नव्या चित्रावर शेवटचा हात फिरवला. लाइटबॉक्सचा दिवा या वेळी मंद ठेवला होता. खालचं चित्र दिसत होतं न दिसत होतं. मुलीच्या टाचेखाली कागद थोडा कोरा सोडलाय, सावलीच्या आणि बुटाच्या मधे तांदळाएवढा. जुनं चित्र या नव्याच्या शेजारी ठेवलं तर त्यातली बोटं जास्त सुबक आहेत, स्वेटरही तिथलाच सरस आहे, आणि त्याची मला हळहळ वाटते. तो स्वेटर तसा पुन्हा जमला नाही. नवा कागद अजून ओला होता तेव्हा भाची येऊन उभी राहिली. हात लावू नको म्हणून मी सांगायच्या आत तिने बोट पुढे केलं होतं, पण कागदाला लावलं नाही, मुलीच्या पाठीमागे थोडं अंतर ठेवून धरलं, तिथेच, बराच वेळ.